वीतभर हाताची गोष्ट

मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगला गेली आणि तिची गिटार घरीच राहिली. बारावीच्या सुट्टीत हट्ट करून घेतलेली, एकेचाळीस इंची, काळी चकचकीत. वर्षभर ती कपाटाशेजारी कव्हरमध्ये उभी होती. मी आठवड्यातून एकदा तिच्यावरची धूळ झटकायचे, एवढाच आमचा संबंध. मग एका दुपारी काय वाटलं कोण जाणे, चेन उघडली आणि तारांवरून अंगठा फिरवला. बेसूर होती, पण घर भरून आवाज आला. त्या दिवशी ठरवलं, आपण शिकायचं. वय वर्षं सेहेचाळीस.

आमच्या तासगावात क्लास मिळाला. शिकवणारा मुलगा माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी त्याला ‘सर’ म्हणायची, तो मला ‘काकू’. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात ‘एफ’ नावाची कॉर्ड आली आणि सगळं अडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या कॉर्डला पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन जागा पकडायच्या असतात. माझं पहिलं बोट सहा तारांवर कसंबसं पोचायचं, पण करंगळी आणि तिसरं बोट जागेवर जायचं म्हटलं की मनगटातून कळ यायची. तीन आठवडे मी तेच घासत बसले. शेवटी सर म्हणाले, ‘‘काकू, तुमचे हात लहान आहेत हो. हे तुम्हाला जमणार नाही. तुम्ही पेटी का शिकत नाही?’’

बिचारा वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण मी घरी आले ती रडवेली होऊन. कारण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. सातवीत असताना शाळेच्या बँडमध्ये ड्रम हवा होता, तेव्हाही ‘तुझा हात केवढासा’ म्हणून झांजा दिल्या होत्या. लग्नात बांगड्या भरताना कासार कौतुकानं म्हणाला होता, ‘‘सव्वादोनचा हात आहे, नाजूक!’’ बांगड्या भरताना जे कौतुक, ते गिटार धरताना वैगुण्य कसं झालं?

त्या रात्री मी पट्टी घेऊन बसले. पंजा टेबलावर ठेवला, अंगठा आणि करंगळी जितकी फाकतील तितकी फाकवली आणि मोजलं. आपल्याकडे याला ‘वीत’ म्हणतात. गजरा, नाडी, खणाचं कापड मोजायला आपल्या आज्यांनी वापरलेलं माप. माझी वीत भरली साडेसात इंच. मग मी वाचायला लागले, आणि जे कळलं त्यानं मी चाटच पडले.

ही गोष्ट गिटारपेक्षा पियानोच्या बाबतीत जास्त नीट मोजली गेलीय. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जगभर साधारण एकाच मापाच्या असतात. एक सप्तक, म्हणजे सात पांढऱ्या पट्ट्या, जवळजवळ १६५ मिलिमीटर. साडेसहा इंच. हे माप काही देवानं आखून दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात बनणाऱ्या कित्येक पियानोंचं सप्तक याहून थोडं अरुंद असे. एकोणिसाव्या शतकात पियानो मोठे झाले, दणकट झाले, हॉल मोठे झाले, मैफली गाजवणारे बहुतेक पुरुष होते, आणि शतक संपता संपता साडेसहा इंचांचं माप कायमचं बसलं. कारखान्यात एकदा साचा ठरला की ठरला.

आता हिशेब बघा. ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत एकदम दाबायचं तर बोटांच्या टोकांमध्ये साडेसहा इंच अंतर लागतं. त्याच्या वरचा ‘रे’ धरायचा तर सुमारे साडेसात, आणि ‘ग’ धरायचा तर सव्वाआठच्या पुढे. ऑस्ट्रेलियात रोंडा बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७३ प्रौढ पियानोवादकांच्या विती मोजल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. पुरुषांची सरासरी वीत ८.९ इंच, बायकांची ७.९ इंच. बरोबर एक इंचाचा फरक! मोठमोठ्या रचना निर्धास्त वाजवायला निदान साडेआठ इंच हवेत असं धरलं, तर त्यांच्या हिशेबानं ८७ टक्के बायकांचे हात ‘लहान’ ठरतात. पुरुषांतही २४ टक्के ठरतातच.

ही आकडेवारी मी दोनदा वाचली. शंभरातल्या सत्त्याऐंशी जणींना जे पुरत नाही, त्यात चूक हातांची की मापाची?

मला आठवला आमच्या घरातला ओटा. घर बांधताना गवंड्यानं स्वतःच्या कमरेला हात लावून उंची ठरवली आणि कडाप्पा बसवून मोकळा झाला. माझ्या सासूबाई पाच फुटांच्या आतल्या. पुढची अठरा वर्षं त्या लाकडी पाटावर उभं राहून पोळ्या लाटत होत्या. खांदे दुखायचे, रात्री मलम चोळून द्यायचे मी. पण ‘ओटा उंच झाला’ असं घरात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. सगळे म्हणायचे, ‘आई बुटक्या आहेत.’ पियानोचंही तसंच झालं म्हणायचं. बायकांना वादनामुळे मनगट, पोटरीसारखा कोपराखालचा हात, अंगठा दुखण्याचा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, असं एकापेक्षा अधिक अभ्यासांत दिसून आलंय. हात सारखा फाकवलेला ठेवून वर वेगानं वाजवायचं, मग स्नायू बोलणारच. वॉर्सॉमधली शोपेनच्या नावाची स्पर्धा १९२७ पासून होते. तिचं पहिलं बक्षीस आजवर चौघींनाच मिळालंय. १९४९ मध्ये दोघींना विभागून, १९६५ मध्ये मार्था आर्गेरिचला आणि २०१० मध्ये युलियाना अवदेयेवाला. याला कारणं अनेक असतील, सगळं खापर पट्ट्यांवर फोडायचं नाही. पण एक इंच कमी पडत असताना धावायचं आणि पुरं माप असताना धावायचं यात फरक असणारच ना?

आणि हे दुखणं फक्त बायकांचं नाही, हे वाचून तर मला बरंच वाटलं. योझेफ होफमान म्हणून पोलंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत गाजलेला पियानोवादक होता (१८७६ ते १९५७). त्या काळातला अव्वल. त्याचे हात लहान, सप्तकाच्या पलीकडे फारसे जात नसत. पण तो काही ‘मला जमत नाही’ म्हणून पेटी शिकायला गेला नाही! स्टाइनवे कंपनीनं त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. त्याचा समकालीन रखमानिनोव्ह मात्र अगदी उलट. त्याचा पंजा म्हणजे दंतकथाच. ‘सा’वर अंगठा ठेवून करंगळी वरच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत जायची म्हणतात. असा माणूस स्वतःसाठी लिहिणार ते त्याच्या मापाचंच. त्यानं आपलं तिसरं कॉन्चेर्टो होफमानला अर्पण केलं, आणि होफमाननं ते आयुष्यात कधीच जाहीरपणे वाजवलं नाही. धाकट्या जावेला थोरलीनं आपल्या मापाचं ब्लाउज भेट द्यावं, तसला प्रकार.

गंमत पुढे आहे. तेच तिसरं कॉन्चेर्टो वाजवलं आणि रेकॉर्ड केलं स्पेनच्या आलिसिया दे लारोचा या बाईंनी. उंची पाच फुटांपेक्षा कमी. हात लहान, पण करंगळी लांब आणि अंगठा चांगला फाकणारा. म्हणजे पंजा नुसता लांबीनं मोजून भागत नाही. बोटांची लांबी, त्यांच्यामधली फट, सांध्यांचा सैलपणा हे सगळं मिळून हात होतो. लारोचांनी अगदी लहानपणापासून वाजवलं आणि बोटं ताणण्याचे व्यायाम वर्षानुवर्षं नेमानं केले. २००९ साली त्या गेल्या, तोवर जगभर त्यांचं नाव झालेलं होतं.

मात्र इथे मला एक सांगायचंय. अशी एखादी लारोचा दाखवून बाकीच्यांना गप्प बसवायची आपल्याकडे फार सवय. ‘बघ, तिला जमलं, मग तुला का नाही?’ तिच्या करंगळीची लांबी माझ्याकडे नाही, आणि चौथ्या वर्षापासूनचा रियाजही नाही. चाळिशीनंतर तिच्यासारखं ताणायला गेलं तर हात सुधारायच्या ऐवजी डॉक्टरकडे जायची वेळ येईल.

खरा उपाय दुसऱ्याच कुणीतरी काढला. ख्रिस्तोफर डॉनिसन हे कॅनडाचे पियानोवादक, तेही लहान हाताचे. वर्षानुवर्षं झगडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हात बदलायच्या मागे लागलोय, पट्ट्या का नाही बदलत? त्यांनी स्वतःच्या पियानोसाठी अरुंद पट्ट्या करून घेतल्या. पुढे अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातल्या टायटसव्हिल या छोट्या गावातल्या डेव्हिड स्टाइनब्यूलर यांच्याशी गाठ पडली. दोघांनी मिळून दोन नवी मापं आखली. एक सहा इंची सप्तकाचं, दुसरं साडेपाच इंची. पियानो तोच, तारा त्याच, हातोड्याही त्याच. पट्ट्या पुढे अरुंद आणि मागे जाताना पंख्यासारख्या पसरत नेहमीच्या हातोड्यांना जाऊन भिडतात. साडेपाच इंची मापावर माझ्या साडेसात इंची वितीतही वरचा ‘ग’ बसतो. हिशेब करून बघितला मी! टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात कॅरल लिओन या प्राध्यापिकेनं आपल्या विद्यार्थ्यांना हे पियानो वाजवायला दिले. नव्या मापाची सवय व्हायला फार वेळ लागत नाही असा तिथला अनुभव. अर्थात हे पियानो आजही मोजकेच आहेत. आपल्या गावात तर साधा पियानोच दिसत नाही, तिथे हे कुठून दिसणार? तरीही असं माप आहे हे कळल्यावर मला मोकळं वाटलं.

व्हायोलिनवाल्यांचं हे आधीपासून छान आहे. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशा मापांची व्हायोलिनं मिळतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन शिकत आलीत. मूल वाढेल तसं वाद्य मोठं. लहान मुलाला पूर्ण मापाचं व्हायोलिन देऊन ‘तुझा हात लहान’ असं कुणी म्हणत नाही.

मग गिटारचं काय? मी एक दिवस मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत सतारी, तंबोरे बनवण्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त चालत आलंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात भिंतीला गिटारही टांगलेल्या होत्या. दुकानातले वयस्कर चाचा भोपळा घासत बसले होते. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘‘ताई, गाता का तुम्ही?’’ म्हटलं, भजनात गाते. ‘‘मग तंबोरा कुठला घेणार? जनानीच ना? बाईचा सूर उंच, म्हणून तार आखूड, म्हणून तंबोरा लहान. आमच्या आज्यापासून दोन्ही बनतात. कुणी बाईला म्हणतं का, तुझा गळा चुकला?’’ मी गप्पच झाले. खरंच, जनानी तंबोरा ऐकत आपण मोठ्या झालो, पण तो कुणाच्या तरी मापानं बनवलाय हे कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्या मुलानं मग मला गिटारचं गणित समजावलं, ते तुमच्याही कामाचं आहे. गिटारवर महत्त्वाची असते तारेची मोकळी लांबी. नायलॉन तारांच्या पूर्ण मापाच्या गिटारला ही लांबी ६५० मिलिमीटर असते आणि पोलादी तारांच्या मोठ्या गिटारलाही जवळपास तेवढीच. त्यावर पहिले चार पडदे, म्हणजे फ्रेट, मिळून १३४ मिलिमीटर जागा खातात. पाऊण मापाची गिटार घेतली, जिची तार साधारण ५८० मिलिमीटर असते, तर तेच चार पडदे १२० मिलिमीटरमध्ये बसतात. दीड सेंटिमीटर कमी. पट्टीवर बघायला किरकोळ वाटतं, करंगळीला विचारा! बाजारात छत्तीस इंची, अडतीस इंची, एकोणचाळीस, एकेचाळीस अशी एकूण लांबी सांगतात. माझ्यासारखीनं थेट एकेचाळीसवर जाऊ नये. लेकीची गिटार होती ती तिच्या पाच फूट सहा इंचाला ठीक होती, मला तिचं पोटच इतकं मोठं की उजवा हात वरून टाकताना खांदा कानाला लागायचा.

दुसरी युक्ती चिमट्याची. त्याला कॅपो म्हणतात. तो चौथ्या पडद्यावर लावला की पुढचे चार पडदे १०६ मिलिमीटरमध्ये येतात, कारण गिटारचे पडदे शरीराकडे जाताना जवळ जवळ होत जातात. सूर चढतो, तो बाईच्या गळ्याला उलट बरा. आणि तारांची उंची! पडद्यांपासून तार जितकी वर, तितका दाब जास्त. स्वस्त गिटारींची तार बऱ्याचदा उगाच उंच असते. जाणकाराकडून ती खाली करून घेता येते. माझ्या लेकीच्या गिटारची तार त्या मुलानं नुसती बघितली आणि म्हणाला, ‘‘यावर तर आमचाही एफ वाजणार नाही.’’ मला त्या क्षणी त्याला घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घालावीशी वाटली.

माझ्या काही चुका माझ्याही होत्या, त्या लपवत नाही. बोटं दिसावीत म्हणून मी गिटार ताटासारखी तिरकी, तोंड वर करून धरत होते. त्यानं डावं मनगट पिळवटतं आणि बोटांचा आवाका आपोआप कमी होतो. गिटार उभी ठेवायची, अंगठा मागे मानेच्या मध्यावर. डाव्या हाताची नखं पार कापायची, मेंदी-नेलपेंट काहीही असो. उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, नाहीतर प्रत्येक झटक्याला ताल भलताच लागतो. मंगळसूत्र पदराआड, गिटारच्या पाठीवर ओरखडे पडतात. आणि भांडी-धुणं झाल्या झाल्या वाजवायला बसायचं नाही. पाण्यानं कातडी मऊ पडलेली असते, तार कापते. मी आता दुपारी चारला, चहानंतर, वीस मिनिटं बसते. दुखायला लागलं की थांबते. बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात ते चालतं, पण मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर तो इशारा समजायचा.

आणि एफ? तो पूर्ण न वाजवता वरच्या चारच तारांवर वाजवता येतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं. पहिलं बोट दोनच तारांवर आडवं. कित्येक चांगले वाजवणारे तसंच वाजवतात. पियानोवालेही असंच करतात. जी स्वरावली एकदम पकडता येत नाही ती खालून वर झरकन उलगडतात, किंवा मधला एखादा सूर गाळतात, किंवा तो दुसऱ्या हाताला देतात. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. जँगो राइनहार्ट हा युरोपातला मोठा जॅझ गिटारवादक. १९२८ मध्ये, अठराव्या वर्षी, आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली. त्यानं उरलेल्या दोन बोटांनी वेगानं वाजवायची स्वतःची पद्धत शोधली. त्याचं उदाहरण देऊन तुम्हाला लाजवायचं नाहीये. आधी म्हटलं तेच त्यालाही लागू. पण एक खरं, की त्यानं जुन्या पद्धतीनं वाजवायचा हट्ट धरला नाही.

आता कुणी म्हणेल, मग सर म्हणाले तसं पेटीच का नाही? पेटी मला आवडते. तिथे एक हात भात्यावर, एका हातानं सूर, आणि आपल्या संगीतात सुरांचे गठ्ठे एकदम दाबायचे नसतात, त्यामुळे वितीचा प्रश्न तेवढा येत नाही. पण मला गिटार हवी होती. हवं ते आणि सोयीचं ते यांत बायकांनी सोयीचंच घ्यावं, असं कुठे लिहिलंय?

मी अडतीस इंची घेतली. हप्त्यानं नाही, भिशीच्या पैशातून. क्लासला परत गेले, सरांना तारांची उंची, पाऊण माप, कॅपो सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि खजील होऊन म्हणाला, ‘‘काकू, मला शिकवणाऱ्यांनी हे कधी सांगितलंच नाही.’’ पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये दहा वर्षांची एक चिमुरडी आली, हातात भावाची मोठी गिटार. सरांनी तिला आधी पंजा फाकवायला सांगितला आणि टेबलावरची पट्टी उचलली.

दिवाळीत लेक आली तेव्हा तिनं स्वतःची जुनी गिटार काढली, मी माझी. तिनं आपला पंजा माझ्या पंजाला लावून बघितला. तिची बोटं माझ्यापेक्षा अख्ख्या पेरानं लांब, वडिलांवर गेलीय. दोघींनी मिळून एक जुनं गाणं वाजवायला घेतलं. माझा एफ अजून मधूनच फरफरतो. तो आला की ती माझ्याकडे न बघता थोडं जोरात वाजवते.